शिळं पाणी ओतू नका : बेळगावात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शहापुरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. मूळचा निपाणीकडचा. गावी परड्यात आड, त्यामुळं पाणी म्हणजे हवं तेव्हा पोहरा सोडायचा, एवढंच ठाऊक. इथं नळाला पाचव्या दिवशी पाणी. पहिलाच पाचवा दिवस उजाडणार म्हणून आदल्या रात्री मी उरलेलं अर्धं पिंप मोरीत ओतलं, पिंप घासलं आणि पालथं घातलं. सकाळी ताजं भरायचं म्हणून. सकाळी नळातून नुसती हवा आली, फुस्स करून. वर कुठंतरी पाईप फुटला होता. पाणी आलं त्यानंतर चार दिवसांनी. तोवर घरमालकीण काकूंनी रोज एक घागर दिली आणि घागरीबरोबर रोज तेच ऐकवलं, "पाणी काय भाकरी हाय गा, शिळं व्हायला?"

त्याला बरीच वर्षं झाली. आता घर माझं आहे आणि वरच्या खोलीत भाडेकरू मुलं आहेत. पण दर उन्हाळ्यात, मृग कोरडा गेला की हमखास, पाणी यायच्या आदल्या रात्री मोरीत बदाबदा ओतल्याचा आवाज येतोच. त्या मुलांना जे दरवर्षी तोंडी सांगतो ते एकदा नीट लिहून काढलंय.

आल्या आल्या काय विचारायचं

घर बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा. "पाणी आहे का" असं विचारू नका, "आहे की" एवढंच उत्तर येईल. विचारायचं असं: नळ कितव्या दिवशी येतो, किती वाजता, किती वेळ? वॉर्ड चोवीस तास पाण्याचा आहे का? (शहरातल्या काही वॉर्डांत २००८ पासून ती सोय आहे, तिथं मीटर असतो आणि टंचाईत वेळ कमी होऊ शकते, हे धरून चला.) संप किती लिटरचा आणि किती घरांत मिळून? विहीर आहे का? बोअर आहे का, आणि मे महिन्यात ती किती वेळ चालते?

पुण्या-कोल्हापुराकडून आलेल्यांसाठी सांगतो, संप म्हणजे कामबंद नव्हे. जमिनीखालच्या टाकीला इथं सगळे संप म्हणतात. आमच्याकडं आलेल्या एका मुलाला घरमालकाच्या फोनवर "आज संप भरलाय" ऐकून वाटलं, कॉलेजला सुट्टी.

पाणी सोडणाऱ्या माणसाची ओळख करून घ्या. बहुतेकांना मराठी येतं, पण दोन कानडी शब्द टाकले की माणूस थांबून बोलतो. "नीर यावाग बर्तावरी?" म्हणजे पाणी कधी येईल. उत्तरात "नाळे" आलं तर उद्या, "नाडिद्द" आलं तर परवा.

पेपरातला आकडा कसा वाचायचा

शहराला पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं. पश्चिमेला मार्कंडेय नदीवरचा राकसकोप, आणि हुक्केरी तालुक्यातलं घटप्रभेवरचं हिडकल. हिडकल प्रचंड आहे, ५१ टीएमसीचं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. पण ते पाणी शेती, कालवे आणि इतर गावांतही वाटलेलं असतं, आणि शहरापर्यंत पंपानं चढवून आणावं लागतं. वीज गेली की धरण भरलेलं असूनही नळ कोरडा. राकसकोप त्यामानानं लहान, पण पेपरात आणि गल्लीच्या कट्ट्यावर चर्चा चालते ती त्याचीच.

राकसकोपची पूर्ण पातळी २४७५ फूट. ही खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची. पेपरात २४५५ दिसलं तर "अजून अडीच हजार फूट आहे की" म्हणून निवांत बसू नका, पाणी वीस फूट खाली गेलंय. आणि हे वीस फूट सारखे नसतात. एक घमेलं घ्या, भरा आणि वाटीनं उपसत जा. वरचं बोटभर पाणी कमी व्हायला बऱ्याच वाट्या लागतात, तळाचं बोटभर दोन-तीन वाट्यांत संपतं. जलाशयही तसाच वर पसरट, खाली निमुळता. म्हणून एप्रिलात एक फूट उतरायला लागतात त्यापेक्षा कमी दिवस जूनमध्ये लागतात. अगदी तळाचं पाणी गाळाचं असतं, सहज उपसताही येत नाही. त्यालाच पेपरवाले डेड स्टॉक म्हणतात.

तुम्ही शहरात नसाल तर आकडाही दुसरा बघायचा. खानापूरकर मलप्रभेकडं बघतात, निपाणीकर जवाहर तलाव आणि वेदगंगेकडं. चिकोडी, कागवाड, अथणीकडं कृष्णेचं पात्र कोरडं पडलं की कोयना-वारणेतून पाणी सोडायची मागणी महाराष्ट्राकडं जाते. सीमेवरून भांडण काहीही असो, नदी वरून खालीच येते.

भांडी मोजा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात उपयोगी. एक लिटरची बाटली घ्या आणि घरातली बादली, घागर, तांब्या, मग सगळं एकदा मोजा. बाहेर मार्करनं लिहून ठेवा. आमची पितळी घागर चौदा लिटरची निघाली, मी वीस धरून चाललो होतो.

मग हिशोब. चौघांच्या आमच्या घरात टंचाईच्या दिवसांत रोजचं असं बसतं: पिणं आणि स्वयंपाक २५ लिटर, चार आंघोळी ६०, भांडी ३०, कपडे सरासरी ४० आणि संडासाला वरून ताजं ३०, बाकीचं वापरलेलं. एकूण १८५, माणशी सेहेचाळीसच्या आसपास. सरकारी मापानं शहरात माणशी १३५ लिटर आणि जलजीवन मिशनमध्ये खेड्यात ५५ धरतात. म्हणजे आमचा आकडा ओढूनताणूनचा आहे, बारमाही नाही. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर तो पाळायलाही जाऊ नका.

आता हा आकडा पाण्याच्या दिवसांनी गुणा, आणि त्यात दोन दिवस जास्तीचे धरा. पाचव्या दिवशी पाणी येत असेल तर सात दिवसांचं, म्हणजे तेराशे लिटर. ते जास्तीचे दिवस धरायला मी विसरलो होतो, त्याची गोष्ट वर सांगितलीच.

पाणी आलं त्या दिवशी

पहिली पाच मिनिटं गढूळ येतं. ते सोडून देऊ नका, दोन बादल्यांत धरा आणि संडासाकडं ठेवा. नितळ यायला लागलं की आधी पिण्याचं, स्वयंपाकाचं, मग संप किंवा पिंपं, शेवटी बारीकसारीक.

नळाला थेट मोटर लावू नका. पुष्कळ जण लावतात आणि "सगळेच लावतात" म्हणतात. नियमानं ते चालत नाही, हा एक भाग. दुसरा भाग आरोग्याचा. मोटर पाणी ओढते तेव्हा पाईपात दाब उरत नाही, आणि जिथं फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. तो पाईप गटारीशेजारून गेला असेल तर काय येईल याचा विचार करा. आधी संपात पडू द्या, मग संपातून मोटरनं वर चढवा.

वरची टाकी भरताना मोटर लावून झोपणं, हा इथला खरा रोग. पहाटे चारला पाणी आलं, मोटर लावली, जरा पडलो म्हणून पडले, आणि सहाला गच्चीवरून धबधबा. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. भाड्याच्या घरात मालक बसवत नसेल तर मोबाईलवर गजर लावा. टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून बघितलं की पुरे.

आणि जुनं पाणी? ते ओतायचं नाही. पिंपात चार बोटं उरलंय तर ते घागरीत, बादलीत काढा, पिंप घासा, नवं भरा, आणि काढलेलं पाणी त्या दिवशीच्या आंघोळीला, भांड्यांना वापरा. झाकून ठेवलेलं नळाचं पाणी पाच दिवसांत वापरायला बाद होत नाही. बाद होतं ते उघडं राहिल्यानं, किंवा कुणी हात घालून तांब्या बुडवल्यानं. पिण्याच्या भांड्याला तोटी हवी, नाहीतर लांब दांड्याचा डाव.

पण पिंप घासायचं मात्र चुकवायचं नाही, आणि त्याचं कारण पाणी नव्हे, डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने मरत नाहीत. नुसतं पाणी ओतलं तर अंडी तशीच राहतात, वर पाणीही गेलं. म्हणून दोन पिंपं ठेवा. आठवड्यातून एकदा एकाचं पाणी दुसऱ्यात घाला आणि रिकाम्याची कड नारळाच्या शेंडीनं खरवडून घासा. झाकण नीट बसत नसेल तर वरून जुन्या धोतराचं फडकं सुतळीनं बांधा.

एक पाणी, दोन कामं

आंघोळ बादलीतून. शॉवरबद्दल मी काही बोलत नाही, ज्याचं त्यानं बघावं. पण इथं घरोघरी गच्चीवर सोलर आहे, आणि गरम पाणी खाली पोचायच्या आधी नळातलं गार पाणी निघून जातं. आमच्याकडं ते मोजलं तर सात लिटर भरलं, रोज सकाळी, पहिल्या आंघोळीला. नळाखाली आधी रिकामी बादली ठेवा. चौघांनी पाठोपाठ आंघोळी केल्या तर गार पाणी एकदाच निघतं, तासातासाच्या अंतरानं केल्या तर चारदा.

न्हाणीच्या मोरीला चिंधीचा बोळा घाला. आंघोळीचं पाणी साचतं, ते मगानं संडासाच्या बादलीत काढा. जरा किळसवाणं वाटतं, तीन दिवसांत सवय होते. दुसऱ्या दिवसापर्यंत मात्र ठेवू नका, वास मारतं.

जुन्या फ्लश टाक्या एका दाबात दहा लिटर सोडतात. आत वाळू भरलेली लिटरची बाटली उभी करा, तेवढं पाणी दर वेळी वाचतं. वीट ठेवू नका, तिचा भुगा पडून आतली रबरं खराब होतात. टाकी गळते का ते बघायला रात्री आत चिमूटभर हळद टाका आणि अर्धा तास कुणी फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर खालचं रबर गेलंय. थेंबाचाही हिशोब करा, सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो. ती आमची सव्वा आंघोळ झाली.

भांड्यांना नळ चालू ठेवून धुणं बंद. खरकटं आधी पुसून काढा, मग दोन घमेली घ्या, एकात साबणाचं, एकात निवळ. दुपारचं निवळ पाणी रात्री साबणाचं होतं. मेथी-शेपू धुताना तीन पाणी लागतात, त्यातलं तिसरं जवळजवळ स्वच्छ असतं. ते ठेवा आणि पुढच्या जुडीला पहिलं म्हणून वापरा. बासमती धुतलेलं पाणी तुळशीला.

कपड्यांना सेमी ऑटोमॅटिक मशीन असेल तर तुम्ही सुखी. साबणाच्या एका पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. शेवटी तेच पाणी अंगण आणि संडासाला. पूर्ण ऑटोमॅटिकवाल्यांनी मागची नळी काढून बादलीत सोडावी.

आरओचं काय? जलाशयाचं पाणी मुळात गोडं असतं. त्याला आरओ लावून एका ग्लासामागं दोन-तीन ग्लास मोरीत सोडायचे, हे मला पटत नाही. खारं बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, अथणीकडच्या लोकांना ते लागतंच. असेल मशीन, तर मागच्या नळीखाली कळशी ठेवा. ते पाणी लादीला, भांड्यांना चालतं, झाडांना रोज नको.

पाणी पिवळट यायला लागलं तर

तळाचं पाणी सुरू झालं की रंग बदलतो. घाबरू नका, पण तसंच पिऊही नका. तुरटीचा खडा घागरीत पाच-सात वेळा फिरवा, तीन-चार तास हलवू नका, वरचं निवळ पाणी चार पदरी फडक्यातून गाळा आणि उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू द्या. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि जुलाब झाले की टँकरवाल्याला शिव्या घालतात.

विहीर, बोअर, टँकर

जुन्या बेळगावात, शहापूर, वडगाव, खासबागात, घराघरात विहिरी आहेत. पुष्कळ फरशीखाली गेल्या, काहींचा उकिरडा झाला. टिळकवाडीत वीरसौधाजवळ जी काँग्रेस विहीर आहे, ती १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन. हजारो लोक जमणार, त्यांना पाणी कुठलं, म्हणून आधी विहीर. तिला पंपा सरोवर असंही नाव आहे. १९९५ च्या टंचाईनंतर शहरातल्या अशा जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्या गेल्या. तेव्हा तुमच्या वाड्यात झाकलेली विहीर असेल तर मालकाच्या मागं लागा, गाळ उन्हाळ्यातच निघतो. विहिरीचं पाणी धुण्याला, संडासाला. पिण्याला नको, फारच वेळ आली तर उकळून.

बोअर एकदम दोन तास ओढू नका. अर्धा तास चालवा, दोन तास थांबा. खडकातल्या फटींतून पाणी जमायला वेळ लागतो, आणि कोरडी चालली की मोटर जळते.

टँकर मागवायच्या आधी संपात किती मावेल ते बघा. पाच हजारांचा टँकर येतो आणि संप तीन हजारांचा असतो, उरलेल्याचं काय करायचं हे ड्रायव्हर विचारत बसत नाही. शेजाऱ्याबरोबर वाटून घ्या. कुठल्या विहिरीचं ते विचारा, आणि पिण्याचं भांडं भरलेलं असेपर्यंत ते पाणी पिण्याच्या टाकीत मिसळू नका.

एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही: यात्रा. इकडं गावच्या यात्रेला पै-पाहुणे येतात ते दहा-पंधरा, मुक्कामाला. आणि पुष्कळशा यात्रा येतात नेमक्या उन्हाळ्यात. नवीन लग्न होऊन येळ्ळूरला आलेल्या मुलीला हे आधी माहीत हवं. आठवडाभर आधी शेजारच्या वहिनींशी बोलून त्यांचं एक पिंप उसनं ठरवा, पंगतीला पत्रावळी घ्या, आणि हात धुवायला नळाऐवजी तोटीचा ड्रम ठेवा. यात्रेत पाणी कमी पडलं हे वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

पाऊस आला म्हणजे

वळवाचा पाऊस पडला, रस्त्यावरून लोंढे गेले, की वाटतं संपलं एकदाचं. तसं नसतं. शहरातला पाऊस बळ्ळारी नाल्यानं निघून जातो, राकसकोप शहराच्या पश्चिमेला वर आहे. तिथल्या डोंगरात पडलेलं पाणीच त्यात येतं, आणि तेही आधी तापलेली जमीन पिते, मग ओढ्याला लागतं. मलप्रभेचंही तेच, उगमाशी कणकुंबीत धार लागली तर नदी हलते. म्हणून पाऊस सुरू झाला तरी पेपरातली पातळी सलग आठवडाभर चढती दिसेपर्यंत वरचं सगळं चालू ठेवा.

मधल्या काळात छपराचं पाणी धरा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर देतो. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, आणि दहा मिलिमीटरची एक सर आली तर गळती-सांडणं वजा जाऊन आठशे लिटर हाताला लागतं. आमच्या हिशोबानं चार दिवस. कौलारू घर असेल तर पागोळ्यांखाली पन्हळ बांधा, स्लॅब असेल तर खाली येणाऱ्या पाईपाचं तोंड पिंपात सोडा. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, छपरावरची धूळ, कावळ्यांची घाण, पाला सगळं त्यात येतं. पाईपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा.

पिंप ठेवायच्या आधी खाली चार विटा लावा. नाहीतर तोटी जमिनीला टेकते आणि खाली बादली बसत नाही. मला हे पिंप भरल्यावर सुचलं. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप आम्हा दोघांना बोटभरसुद्धा हललं नाही, शेवटी तांब्यातांब्यानं अर्धं उपसलं आणि मग विटा सरकवल्या.